शत्रूच्या देशाचा गोलरक्षक

फुटबॉलच्या खेळांत एका बाजूचे अकरा गडी मैदानावर उतरतात खरे. परंतु त्यांपैकीं दहांचा धर्म एक आणि अकराव्याचा निराळा. दहाजण धांवतात, चुकतात, पुन्हां धांवतात. त्यांच्या चुका त्यांच्याच पावलांनीं उडालेल्या धुळींत बुजून जातात. अकरावा गडी मात्र दोन खांबांच्या मध्यें एकटा उभा असतो. आघाडीच्या गड्यानें हातची संधि दवडली तर प्रेक्षक हळहळतात आणि विसरतात. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला तर तो संघाच्या खात्यावर कायमचा मांडला जातो. म्हणूनच जेथें जेथें हा खेळ रुजला, तेथें तेथें चाहत्यांमध्यें एक वाद अखंड चालू असतो : आपला गोलरक्षक ठेवावा कीं बदलावा? आणि बदलावयाचा तर त्याच्या जागीं कोणाला आणावें?

बहुधा हा वाद हातांचा असतो, डोळ्यांचा असतो, वयाचा असतो. आज मी आपणांस ज्या वादाची हकीकत सांगणार आहें तो यांपैकीं कशाचाच नव्हता. १९४९ च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं हजारों माणसें आपल्याच संघाच्या नव्या गोलरक्षकाविरुद्ध रस्त्यावर आलीं. त्यांपैकीं बहुतेकांनीं त्याचा खेळ पाहिलासुद्धां नव्हता. त्यांचा आक्षेप त्याच्या हातांवर नव्हता. तो कोणत्या देशांत जन्मला आणि कोणाच्या सैन्यांत लढला, यावर होता.

हा क्षोभ समजण्यासाठीं प्रथम रिकामी झालेली जागा कोणाची होती, तें पाहिलें पाहिजे. मँचेस्टर सिटी या संघाचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट हा केवळ उत्तम खेळाडू नव्हता. तो त्या शहराच्या घरचा माणूस होता. १९३३ पासून १९४९ पर्यंत त्यानें याच एका क्लबची चाकरी केली. १९३४ सालीं, अवघा वीस वर्षांचा असतांना, तो वेंब्लेच्या अंतिम सामन्यांत खेळला. पोर्ट्समथ संघाचा २-१ असा पराभव झाला, पंचाची शेवटची शिटी वाजली, आणि मनावरचा ताण एकाएकीं उतरल्यामुळें हा धिप्पाड तरुण गोलाच्या तोंडाशींच मूर्च्छा येऊन पडला. तेव्हांपासून मँचेस्टरच्या लोकांनीं त्याला जें हृदयाशीं धरलें तें धरलेंच. १९४८ सालीं तूरिन येथें इटलीविरुद्ध झालेल्या सामन्यांत इंग्लंडचें कर्णधारपदहि त्याच्याकडे आलें; गोलरक्षकाच्या वांट्याला हा मान क्वचितच येतो. असा माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्यास, तो कितीहि गुणी असो, पहिले कांहीं महिने कोणी सुखानें श्वास घेऊं देत नाहीं. तुलना हीच त्याची पहिली प्रतिस्पर्धी असते.

स्विफ्टनें निवृत्ति पत्करली खरी, परंतु त्याच्या जागीं यावयाचा गडी क्षयानें आजारी पडला. तेव्हां १९४९ च्या मोसमाच्या आरंभीं स्विफ्टलाच आणखी कांहीं सामने खेळावे लागले. क्लबचे चालक नव्या गोलरक्षकाच्या शोधांत होते. तो त्यांस मिळाला सेंट हेलेन्स या जवळच्याच गांवच्या एका लहानशा संघांत. त्याचें नांव बर्नहार्ट ट्राउटमान. इंग्रज मंडळी त्याला सोयीसाठीं बर्ट म्हणत.

या बर्टचा पूर्वेतिहास असा. १९२३ सालीं जर्मनींतील ब्रेमेन शहरीं तो जन्मला. लहानपणींच नाझींच्या बालसंघटनेंत दाखल झाला. सतराव्या वर्षीं आपण होऊन लष्करांत गेला, विमानांतून उडी घेणाऱ्या छत्रीधारी पथकांत सामील झाला, रशियाच्या आघाडीवर लढला आणि शौर्याबद्दल आयर्न क्रॉस हें पदक त्यानें मिळविलें. महायुद्धाच्या अखेरीस तो इंग्रजांच्या हातीं सांपडला. युद्धकैद्यांची त्यांच्या मतांप्रमाणें प्रतवारी लावण्याची पद्धत होती. तींत प्रथम त्याची गणना कडव्या नाझींत झाली, आणि पुढें कांहीं काळानें त्याला मधल्या प्रतींत आणण्यांत आलें. लँकेशायर परगण्यांतील ॲश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणींत तो राहिला. तेथेंच, कैद्यांच्या एका सामन्यांत, मैदानांत खेळतां खेळतां दुखापत झाल्यामुळें त्यानें गोलरक्षकाशीं जागा बदलून घेतली. आणि पुन्हां ती जागा कधीं सोडली नाहीं. १९४८ सालीं कैद्यांना मायदेशीं परतण्याची मुभा मिळाली, तेव्हां त्यानें इंग्लंडांतच राहणें पसंत केलें. शेतावर राबावें, न फुटलेले बॉम्ब उकरून निकामी करण्याच्या कामावर जावें आणि शनिवारीं सेंट हेलेन्सच्या संघांतून खेळावें, असा त्याचा क्रम होता. ज्या बॉम्बांनीं तो मुलूख होरपळला, ते त्याच्याच देशबांधवांनीं टाकलेले होते.

आणि मुलूख खरोखरच होरपळला होता. १९४० सालच्या नाताळच्या तोंडावर दोन रात्री मँचेस्टरवर बॉम्बवर्षाव झाला. त्यांत शेंकडों माणसें मेलीं. १९४१ च्या मार्चमध्यें शहरांतील दुसरा मोठा संघ मँचेस्टर युनायटेड याचें ओल्ड ट्रॅफर्ड हें मैदान बॉम्बनें उद्ध्वस्त केलें. तेव्हांपासून तो संघ सिटीच्या मेन रोड मैदानावर आश्रिताप्रमाणें खेळत होता. स्वतःच्या मैदानावर तो परतला तो १९४९ च्या ऑगस्टमध्यें; आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सिटीनें त्या जर्मन छत्रीधाऱ्याशीं करार केला. एका जर्मन बॉम्बानें बेघर केलेला शेजारी नुकता कोठें घरीं गेला होता, तोंच एक जर्मन सैनिक घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला!

मग वादळ उठलें. क्लबकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला. मोसमाचीं तिकिटें घेतलेल्या अनेकांनीं मैदानावर पाऊल न टाकण्याची धमकी दिली. सुमारें २०,००० लोकांनीं निदर्शनें केलीं, असें सांगतात. त्यांत युद्धावरून परतलेले शिपाई होते, आणि शहरांतील यहुदी समाजाची माणसें होतीं. लंडन सोडलें तर इंग्लंडांतील सर्वांत मोठी यहुदी वस्ती मँचेस्टरचीच. तींतील कित्येक कुटुंबांचे आप्त युरोपांतील मृत्युछावण्यांत राख होऊन गेले होते.

श्रोतेहो, त्या निदर्शकांना हट्टी किंवा कोत्या मनाचे म्हणून बाजूला सारणें आज आपणांस फार सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचें म्हणणें क्षणभर त्यांच्या बाजूनें ऐकून पाहा. गोलरक्षक म्हणजे कांहीं कारखान्यांतला मजूर नव्हे, कीं त्यानें काम करावें, मजुरी घ्यावी आणि निघून जावें. शनिवारीं दुपारीं जो माणूस त्या दोन खांबांत उभा राहतो, तो आपला म्हणून उभा राहतो. त्याच्यासाठीं ओरडावयाचें असतें, त्याच्या यशानें छाती फुगवावयाची असते, मुलाला खांद्यावर घेऊन त्याच्याकडे बोट दाखवावयाचें असतें. ज्या बापाचा थोरला मुलगा लढाईंत पडला, त्यानें धाकट्याला तें बोट कसें दाखवावें? आम्हांला सूड नको, पण प्रेमाची सक्ति करूं नका, असाच त्या निषेधाचा खरा अर्थ होता. हा अर्थ हीन नाहीं.

दुसऱ्या बाजूचें म्हणणें साधें होतें. युद्ध संपून चार वर्षें लोटलीं. हा मनुष्य कायद्यानें मोकळा आहे. तो आपल्या खुषीनें येथें राहिला आहे. सेंट हेलेन्सच्या लोकांनीं त्याला आपलें म्हटलें आहे. आणि मुख्य म्हणजे संघाला गोलरक्षक हवा आहे. यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत व्यावहारिक आणि म्हणूनच नीतीच्या दृष्टीनें सर्वांत लंगडा. संघाची गरज ही न्यायाची सबब होऊं शकत नाहीं. वाद असा दोन्ही बाजूंनीं अडून बसला असतां एका अनपेक्षित ठिकाणाहून आवाज आला.

मँचेस्टरच्या यहुदी समाजाचे प्रमुख रब्बी, म्हणजे धर्मगुरु, त्या वेळीं डॉ. अलेक्झांडर आल्टमान हे होते. तत्त्वज्ञानाचे मोठे पंडित, पूर्वायुष्यांत बर्लिन येथें धर्मोपदेशक. नाझींच्या छळामुळें १९३८ सालीं त्यांस जर्मनी सोडावी लागली. त्यांचे वडील ॲडोल्फ आल्टमान हे ट्रियर शहराचे मुख्य रब्बी. वृद्ध आईबापांस मुलाप्रमाणें निसटतां आलें नाहीं. १९४४ सालीं ऑशविट्झच्या छावणींत दोघांचाहि अंत झाला. जर्मन या शब्दाचा नुसता उच्चार ऐकून तोंड फिरविण्याचा अधिकार मँचेस्टरमध्यें कोणाला असेल, तर तो या गृहस्थांना होता.

अशा पुरुषानें स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर पत्र लिहिलें. पत्राचा आशय थोडक्यांत असा : जर्मनांच्या हातून आम्हीं भयंकर क्रौर्य सोसलें आहे, तरीहि ज्या एका जर्मन व्यक्तीचा त्या अपराधांशीं संबंध नाहीं, तिला केवळ द्वेषापोटीं शिक्षा करूं पाहणें आम्हांस मान्य नाहीं. हा खेळाडू सभ्य माणूस असेल तर त्याला घेण्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रत्येक प्रकरणाचा निवाडा त्याच्या त्याच्या गुणदोषांवरून झाला पाहिजे.

या पत्रांत भावनेचा पूर नाहीं, क्षमेचा डांगोरा नाहीं. तुम्हीं सारें विसरून जा, असें तें सांगत नाहीं. तुम्हीं याच्यावर प्रेम करा, असेंहि म्हणत नाहीं. तें एवढेंच म्हणतें कीं, राष्ट्राचा हिशेब व्यक्तीच्या नांवावर मांडूं नका. आणि माणूस कसा आहे तें आधीं पाहा. आपल्या आईबापांच्या मृत्यूनंतर अवघ्या पांच वर्षांनीं ज्यानें हीं वाक्यें लिहिलीं, त्याला तीं लिहितांना काय पडलें असेल, तें त्याचें तोच जाणे. पुढें अनेक वर्षांनीं स्वतः ट्राउटमाननें, आपल्याविरुद्धचा क्षोभ निवळण्याचें मोठें श्रेय या पत्रास दिलें.

संघाच्या अंतर्गृहांतहि प्रश्न होताच. कर्णधार एरिक वेस्टवुड हा नॉर्मंडीच्या रणांगणावर लढून आलेला. पण त्यानेंच पुढें होऊन नव्या गड्याचें स्वागत केलें आणि या चार भिंतींच्या आंत युद्ध चालूं द्यावयाचें नाहीं, असें सर्वांस बजावलें. १९ नोव्हेंबर १९४९ रोजीं बोल्टन वाँडरर्सविरुद्ध ट्राउटमान पहिला सामना खेळला.

यानंतर सारें सुरळीत झालें, असें मात्र समजूं नये. घरच्या मैदानावरचा राग ओसरत गेला, तरी परगांवचे प्रेक्षक त्याला शिव्याशाप देतच होते. तो त्यांकडे दुर्लक्ष करण्याचा यत्न करी. आणि त्या यत्नांतच चेंडूवरची दृष्टि ढळे. डर्बीच्या मैदानावर तर त्याच्यावर सात गोल चढले. ज्यांना तो नकोच होता, त्यांच्या हातीं आतां खेळाचेंहि निमित्त आलें. पण चालकांनीं त्याला काढलें नाहीं.

मग १९५० च्या जानेवारींत संघ लंडनला फुलहॅमविरुद्ध खेळावयास गेला. राजधानींतील हा त्याचा पहिलाच सामना. लंडननें जर्मन बॉम्ब मँचेस्टरहून कितीतरी अधिक सोसलेले. वार्ताहरांची गर्दी लोटलेली. सिटीचा दारुण पराभव होणार, हें भाकीतहि झालेलें. क्रेव्हन कॉटेजच्या कठड्यांमागून नाझी, नाझी असा गजर होत होता. आणि तो मनुष्य एकामागून एक फटके अडवीत राहिला. कधीं हवेंत झेंप घेऊन, कधीं चालून येणाऱ्या गड्याच्या पायांवर अंग टाकून. सिटीचा पराभव झाला. पण तो केवळ एका गोलानें. सामना संपला तेव्हां प्रेक्षक उठून उभे राहिले. दोन्ही बाजूंचे खेळाडू दोन रांगा करून थांबले आणि टाळ्यांच्या गजरांत त्याला मधून वाट करून दिली. नव्वद मिनिटांपूर्वीं त्याला शिव्या घालणारे हेच लोक होते.

त्या मोसमाअखेर संघ खालच्या वर्गांत उतरला आणि दुसऱ्याच वर्षीं पुन्हां वर आला. या चढउतारांत ट्राउटमानची जागा पक्की होत गेली. १९५५ सालीं तो चषकाच्या अंतिम सामन्यांत खेळला. त्या सामन्यांत खेळणारा तो पहिला जर्मन. १९५६ सालीं इंग्लंडच्या फुटबॉल-वार्ताहरांनीं त्याला वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविलें. हा मान मिळविणारा तो पहिलाच गोलरक्षक होता.

त्याच वर्षींच्या ५ मे रोजीं वेंब्ले येथें बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध चषकाचा अंतिम सामना होता. सतरा मिनिटें उरलीं असतां ट्राउटमान चेंडू पकडण्यासाठीं प्रतिस्पर्धी पीटर मर्फी याच्या पायांवर झेंपावला आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तो बेशुद्ध पडला. त्या काळीं इंग्लंडांत बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. लीगच्या सामन्यांत ती १९६५ सालीं आली. गोलरक्षक बदलावा कीं ठेवावा, हा प्रश्न तेथें कोणीं विचारूंच शकत नव्हतें. तो उठला, झोकांड्या खात उभा राहिला आणि डोळ्यांपुढें अंधारी येत असतां उरलेला वेळ त्यानें गोल राखला. सिटीनें सामना ३-१ असा जिंकला. वांकड्या झालेल्या मानेनेंच त्यानें पदक स्वीकारलें. कांहीं दिवसांनीं क्ष-किरणांनीं तपासणी झाली तेव्हां उघड झालें कीं त्याची मान मोडली होती. मानेचा दुसरा मणका दुभंगला होता, आणि तिसरा त्याला पाचरीसारखा लागून बसला म्हणूनच प्राण वांचले होते.

या पराक्रमाची कथा सर्वतोमुखी झाली. पण येथेंच एक सावधगिरी राखली पाहिजे. मोडक्या मानेनें गोल राखणाऱ्याला कोण टाळ्या वाजविणार नाहीं? समजा, हाच मनुष्य बेताचाच गोलरक्षक निघाला असता; समजा, फुलहॅमच्या सामन्यांत त्याच्यावर पुन्हां सात गोल झाले असते. तर मँचेस्टरनें त्याला आपला म्हटलें असतें काय? मला वाटतें, पुष्कळांनीं म्हटलें नसतें. कौशल्यानें माणसाला स्वीकृति मिळते, पण ती कौशल्याची किंमत असते. तिला न्याय म्हणणें बरोबर नाहीं. न्याय झाला तो त्याआधीं : त्याची कर्तबगारी अजून सिद्ध व्हावयाची होती, तेव्हां ज्यांनीं त्याला माणूस म्हणून जोखावयाची तयारी दाखविली, त्यांच्या हातून.

माणसाला त्याच्या खुणेवरून तोलण्याची खोड एकट्या मँचेस्टरची नव्हती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. ट्राउटमान ऐन भरांत असतांना पश्चिम जर्मनीचे शिक्षक झेप हेर्बेर्गर यांनीं राष्ट्रीय संघासाठीं त्याचा विचार केला नाहीं. कारण त्यांचें धोरण, जे मायदेशांतील क्लबांतून खेळतात त्यांनाच घ्यावयाचें. इंग्लंडला तो फार जर्मन वाटला, आणि जर्मनीला पुरेसा जर्मन वाटला नाहीं. १९५४ सालीं जर्मनीनें विश्वचषक जिंकला तेव्हां तो संघांत नव्हता.

आणि त्याचा स्वतःचा हिशेब? रब्बी आल्टमान यांच्या पत्रांत एक अट होती : ज्या व्यक्तीचा त्या अपराधांशीं संबंध नाहीं. ट्राउटमाननें उतारवयांत सांगितलें कीं, १९४१ सालीं युक्रेनच्या एका जंगलांत, खंदकाच्या कडेला उभ्या केलेल्या निःशस्त्र माणसांना नाझी गोळ्या घालीत असतांना आपण लपून पाहिलें होतें. त्यानें स्वतः शस्त्र चालविलें नाहीं. पण त्यानें पाहिलें होतें, आणि नंतरहि चार वर्षें तो त्याच सैन्यांत लढत राहिला होता. बालपणापासून आपल्याला काय शिकविलें गेलें आणि त्यांतून बाहेर पडावयास किती काळ लागला, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. आपलें खरें शिक्षण इंग्लंडांत, कैदेंत झालें, असें तो म्हणे. याचा अर्थ निदर्शकांची शंका अगदींच निराधार नव्हती. त्याच वेळीं, माणूस पाहून निवाडा करा, हें रब्बींचें सूत्रहि खोटें ठरलें नाहीं. कारण माणूस पाहावयाचा म्हणजे त्याचा केवळ काल पाहावयाचा नसतो. त्या कालाशीं तो आज कसा वागतो, तेंहि पाहावयाचें असतें.

या कथेंतील पहिल्या गोलरक्षकाचा शेवटहि सांगितला पाहिजे. निवृत्तीनंतर फ्रँक स्विफ्ट वृत्तपत्रासाठीं सामन्यांचीं वर्णनें लिहूं लागला. १९५८ च्या ६ फेब्रुवारीस मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू आणि वार्ताहर यांस घेऊन बेलग्रेडहून परतणारें विमान म्यूनिच येथें बर्फाच्या चिखलांतून उड्डाण करतांना कोसळलें. त्यांत जे २३ जण मरण पावले त्यांत स्विफ्ट होता. मँचेस्टरच्या त्या लाडक्या पुत्राचा देह जर्मनीच्या भूमीवर पडला. आणि त्याच्या जागीं आलेला जर्मन मँचेस्टरचा गोल राखीत राहिला. दैवाच्या या अदलाबदलींतून कांहीं बोध काढण्याचा मोह मी टाळतों. एवढेंच म्हणतों कीं, त्या दिवशीं रडणाऱ्या शहराला आपल्या गोलरक्षकाचा देश आठवला नसावा.

ट्राउटमान सिटीकडून एकंदर ५४५ सामने खेळला. १५ एप्रिल १९६४ रोजीं त्याच्या निरोपाचा सामना झाला. त्या दिवशीं मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्या बाजूनें एकत्र उतरले आणि मेन रोडवर ४७,००० हून अधिक माणसें लोटलीं. २००४ सालीं ब्रिटन आणि जर्मनी यांच्यांतील स्नेह वाढविल्याबद्दल ब्रिटिश सरकारनें त्याला ओ. बी. ई. हा सन्मान दिला. १९ जुलै २०१३ रोजीं, ८९ व्या वर्षीं, स्पेनमध्यें त्याचा अंत झाला.

श्रोतेहो, चाहत्यांचे वाद चालूच राहतील, आणि चालूं द्यावेत. ज्याला आपल्या संघाची तळमळ आहे तो गोलरक्षकाविषयीं वाद घालणारच. फक्त वाद घालतांना आपण कशाचा निवाडा करीत आहों, हें एकदां स्वतःस विचारून पाहावें. हात जोखावयाचे असतील तर हात जोखा. सात गोल मोजावयाचे असतील तर मोजा. पण माणूस जोखावयाचा असेल, तर आईबाप गमावलेल्या त्या धर्मगुरूनें जी तसदी घेतली, तेवढी तसदी तरी घेतली पाहिजे : दार लावण्यापूर्वीं दारांत कोण उभें आहे, तें पाहिलें पाहिजे.